तिलवाऱ्याचा पूल

नागपूरहून उत्तरेस निघालेला प्रवासी सिवनी, लखनादौन मागे टाकून सुमारे २७० किलोमीटरांची वाट सरत आली की नर्मदेच्या काठी येतो. पलीकडे जबलपूर शहर. या ठिकाणाचे नाव तिलवाराघाट. जवळच त्रिपुरी ही कलचुरी राजांची जुनी राजधानी. १९३९ साली काँग्रेसचे अधिवेशन येथेच भरले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जनही याच घाटावर झाले.

नदीला पूल नसला म्हणजे काय होते, हे काठावरच्या कुटुंबांना विचारावे. उन्हाळ्यात नाव चालते. पण पावसाळ्यात पूर आला की नाव काठाला बांधून ठेवावी लागते. मग आजाऱ्याला वैद्य दिसत नाही, भाजी बाजारात पोहोचत नाही आणि माहेरी आलेली लेक माहेरीच अडकून पडते.

पुलाचे निम्मे श्रम आपल्या दृष्टीस पडतच नाहीत. पूर ओसरल्यापासून पुढच्या पावसापर्यंतच्या मोजक्या महिन्यांत पाया घालावा लागतो. वाहते पाणी खांबाभोवतीची वाळू उकरून नेते. म्हणून पाया तिच्याही खाली, पक्क्या थरापर्यंत न्यावा लागतो. प्रवाहाकडील बाजू निमुळती ठेवली, की पाणी दुभंगून कमी अडथळ्याने पुढे जाते. आज जुन्या पुलाच्या शेजारी रुंद नवा पूल झाला आहे. वरच्या अंगाला बरगी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले म्हणजे घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले व तेथे उच्च न्यायालय आले. सीमा बदलली, तरी रस्ता तोच राहिला. संत्री उत्तरेस जातात, जबलपूरचा वाटाणा दक्षिणेस येतो, आणि दोन्हीकडची नातीगोती टिकून राहतात.

मात्र एक पांथस्थ हा पूल कधी ओलांडत नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा यात्रेकरू नदी उजव्या हाताला ठेवून चालतो आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत तिचे पात्र ओलांडत नाही. पुलाच्या तोंडाशी तो नर्मदेला हात जोडतो व काठाकाठाने पुढे निघतो. त्याच्या डोक्यावरून रुग्णवाहिका क्षणात पैलतीर गाठते. नदीचा मान आणि माणसाची निकड, दोन्हींना येथे जागा आहे.