पाचव्या तोड्याचा हिशेब



निकाल लागले की आमच्याकडे जुन्नर, मंचर, घोडेगावची कॉलेजात जाणारी पोरं एकच प्रश्न विचारतात, "या सेमिस्टरला चांगले पडले तर सीजीपीए किती होईल?" त्यावर कुणी म्हणतं, "सगळं भरून निघेल." कुणी म्हणतं, "पहिलं वर्ष वाया गेलं, आता काय उपयोग?" दोघंही हिशेब न करताच बोलतात. दुसऱ्या वाक्यापायी तर शिक्षण सोडून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

हिशेब खरं तर आपल्या शेतातलाच आहे. समजा, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे चार तोडे २०० रुपये क्रेटने गेले. पाचवा तोडा, तेवढेच क्रेट, ७०० ने गेला. फरक ५०० चा, त्याचा पाचवा हिस्सा १००. म्हणून सरासरी ३००. पाचव्या तोड्याला दोनच क्रेट निघाले असते, तर भाव ७०० असूनही सरासरी जेमतेम हलली असती.

आता क्रेटच्या जागी क्रेडिट घाला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २२. चार सेमिस्टरची सरासरी ६.२ आहे आणि पाचव्यात ९ मिळाले, तर फरक २.८, त्याचा पाचवा हिस्सा ०.५६. नवी सरासरी ६.७६. सहाव्यातही ९ मिळाले, तर फरकाचा सहावा हिस्सा मिळवायचा, ७.१३ होतात. तोंडी होणारं गणित आहे हे!

याच मुलीने "मला ८ हवेत" म्हटलं तर? उरलेल्या दोन सेमिस्टरना सरासरी ११.६ लागतील आणि पट्टी तर १० वरच संपते. ७ हवे असतील, तर ८.६ पुरतात. अवघड आहे, पण हाताबाहेरचं नाही. खोट्या आशेपेक्षा आणि खोट्या निराशेपेक्षा हा आकडा बरा, नाही का?

आणखी एक. चार क्रेडिटच्या पेपरात श्रेणी एक पायरी वर गेली, तर त्या सेमिस्टरची सरासरी ०.१८ ने वाढते. दोन क्रेडिटच्या पेपरात त्याच्या निम्मी. अभ्यासाचे दिवस थोडे असतील, तर कुठे घालवायचे ते यावरून ठरवावं.

काही जण म्हणतील, अशाने मुलं आकडेमोडी होतील. मला उलट वाटतं. ज्याला आकडा कळत नाही, तोच आकड्याला घाबरतो. पहिल्या सेमिस्टरनंतर तीच एकटी सगळी सरासरी असते, म्हणून ती डोंगराएवढी वाटते. पदवी हातात पडते तेव्हा तिचं वजन सहावा हिस्सा उरतं. हे कॉलेजने पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मांडून दाखवलं पाहिजे.

आणि आपण घरच्यांनी "किती पडले?" एवढंच विचारून थांबू नये. "किती क्रेडिट उरलेत?" हेही विचारावं. असो. तुमच्या घरी हा हिशेब कोण मांडतं, जरूर कळवा.