घराचा विमा : मेहेरबानी नव्हे, करार

पीकविम्याची चर्चा झाली नाही असा आपल्या बैठकांचा एकही हंगाम जात नाही. हप्ता किती, मंडळ कोणते, ७२ तासांत कळवायचे कुणाचे राहिले, हे सारे शेतकऱ्याला तोंडपाठ झाले आहे. पण ज्या घरात सोयाबीनची पोती रचायची आणि लेकरेबाळे निजवायची, त्या घराच्या विम्याबद्दल कुणी बोलत नाही. पीक गेले तर हंगाम जातो. घर गेले तर वीस वर्षांची कमाई जाते. तरीही वीस वर्षांची कमाई आम्ही देवाच्या भरवशावर सोडतो.

यावर ठरलेले उत्तर मिळते, ‘आपल्याकडे काय होणार आहे?’ किल्लारीलाही असेच वाटत होते. भूकंपाच्या त्या वेळच्या नकाशात तो मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे नकाशा खोटा ठरला. सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. आपल्याच जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका दिवसाच्या पावसाने घरांत पाणी घुसले. आणि भूकंप-महापूर बाजूला ठेवले, तरी अमडापूरपासून खामगावपर्यंतच्या कुठल्याही गावात विचारा. मृगाआधीच्या वादळात टीनपत्रे उडतात, आणि लागून राहिलेल्या झडीत मातीची भिंत बसते. त्याची बातमी होत नाही, एवढेच.

मग पंचनामा होतो आणि मदत जाहीर होते. ती मदत किती? केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये होते. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. पडझड १५ टक्क्यांच्या खाली असेल तर काहीच नाही. कधी राज्य सरकार त्यात भर घालते, कधी घालत नाही. ते निवडणूक जवळ आहे की लांब, यावरही ठरते. साडेसहा हजारांत छपरावरचे पत्रे तरी पुन्हा चढतात का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. सरकारी मदत ही मेहेरबानी आहे. ती नाकारू नये, पण तिच्या भरवशावर घर बांधू नये. विमा हा करार आहे. त्यात आपण पैसे मोजतो आणि म्हणून हक्काने मागू शकतो.

करार म्हटला की तो वाचून, पारखून घ्यायचा. कापूस विकताना आपण काट्याकडे डोळे लावून बसतो, तसेच इथेही बसले पाहिजे.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकच ठरीव पॉलिसी आली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सारे तिच्यात मुळातच आहे. पूर्वी आगीच्या पॉलिसीला भूकंप जोडायचा तर जादा हप्ता भरावा लागे. या मूळ पॉलिसीचा मसुदा सर्व कंपन्यांना सारखाच आहे. म्हणून घासाघीस करायची ती हप्त्यावर, आणि कंपनीचे ऑफिस किती जवळ आहे यावर.

पहिली पारख रकमेची. विमा बाजारभावाचा किंवा जागेचा नसतो, घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. समजा घर ५०० चौरस फूट आहे आणि बांधकामाला फुटाला १,५०० रुपये पडतात, तर रक्कम साडेसात लाख झाली. हप्ता वाचवायला ती तीन लाख सांगितली, तर घर पडल्यावर तीन लाखांपलीकडे दमडी मिळणार नाही. घरसामानाला या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जातात. वरच्या घराला ते दीड लाख होतात.

दुसरी पारख, काय धरलेले नाही याची. वर्षानुवर्षांची झीज, मुरणारे पाणी, दुरुस्ती न केलेली भिंत यांचे पैसे मिळत नाहीत. बैल-गाईंचा विमा वेगळा असतो. विक्रीसाठी घरात साठवलेला कापूस किंवा सोयाबीन घरसामानात येईल असे कुणीही गृहीत धरू नये. मातीच्या भिंती, टीनाचे छप्पर, बरेच दिवस बंद राहणारे घर, हे सारे अर्जात खरे लिहावे आणि कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. एजंटाचा तोंडी शब्द दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

तिसरी पारख कागदांची. इथेच खेड्यातला माणूस अडकतो. घर आजोबांच्या नावावर, राहतात तीन भाऊ, आणि कर भरतो चौथाच. अशा घराचा दावा नावाच्या वादात लटकतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून पाहा. वारसाची नोंद करून घ्या आणि त्याच वेळी घरधनिणीचे नावही लावा. ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळाले असेल तर तेही जपून ठेवा. घराचे चारी बाजूंनी आजच फोटो काढा. नुकसान झालेच तर कंपनीला ताबडतोब कळवा, आणि फोटो काढल्याशिवाय मलबा हलवू नका. दावा नाकारला किंवा रखडवला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

राहिला प्रश्न ज्याचे घरच कुडाचे आणि ताडपत्रीचे आहे त्याचा. त्याला हप्त्याचा हिशेब शिकवणे ही थट्टा होईल. १९९९ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानने घरांचा भूकंप विमा सक्तीचा केला, पण त्यातही खेडी वगळली. खेड्यातली भिंत पडते तेव्हा तिचा आवाज राजधानीत पोचत नाही, हे सगळ्याच देशांत खरे दिसते. अशा घरांचा एकत्रित विमा सरकारने उतरवावा आणि रक्कम थेट घराच्या मालकाला मिळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने नमुना ८ चा उतारा आणि आपल्या बांधकामाचे माप सोबत आणावे. गावच्या पन्नास घरांनी एकत्र जाऊन भाव विचारला, तर कंपनीच्या ऑफिसात खुर्ची मिळते. एकटा गेला तर दारातच थांबावे लागते. हे काम मृगाच्या आधी झाले पाहिजे. ढग भरून आल्यावर विमा काढायला धावणाऱ्याच्या हाती फक्त पावती येते.