बत्तीस किलोबाइटांचा संसार

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांस पैशाच्या व्यवहाराविषयीं सांगतों. परंतु तिचा खरा अर्थ ज्यास उमगावयाचा असेल त्यानें एखाद्या जुन्या संगणकावर प्रोग्राम लिहून पाहावा, असें आमचें मत आहे. हल्लींच्या यंत्रांची स्मृति इतकी विपुल झाली आहे कीं, काटकसरीची गरजच भासत नाहीं. आणि जेथें गरज नाहीं तेथें विचारहि खुंटतो.

उदाहरणार्थ, बीबीसी मायक्रो हें यंत्र घेऊं. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें तें बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या उपक्रमासाठीं तयार केलें व १९८१ च्या अखेरीस तें बाजारांत आलें. भारत सरकारनें १९८४ सालीं शाळांसाठीं 'क्लास' योजना सुरू केली, तेव्हां तिच्यांतहि हेंच यंत्र वापरलें गेलें.

याच्या 'बी' नमुन्याची स्मृति अवघी ३२ किलोबाइट. तींतूनच पडद्यावरील चित्राचाहि वांटा द्यावा लागतो. रंगीत चित्रांचा 'मोड २' पसंत केला, तर २० किलोबाइट एकट्या पडद्याकडे जातात. यंत्राचा स्वतःचा खर्च वजा जातां, कॅसेटवर काम करणाऱ्यास साडेआठच उरतात. मुख्यतः अक्षरें दाखविणाऱ्या 'मोड ७' ला मात्र एक किलोबाइट पुरतो आणि साडेसत्तावीस हातीं राहतात. थाट हवा कीं काम हवें, हा निर्णय पहिल्याच ओळीला घ्यावा लागतो!

आतां त्यावर घरचा जमाखर्च लिहावयाचा आहे असें समजा. रक्कम रुपयांत, दशांशचिन्ह देऊन ठेवावी, असें नवशिक्यास वाटतें. परंतु यंत्र द्विमान पद्धतीनें मोजतें. आपल्या दशमान पद्धतींत जसा एकतृतीयांश पुरा लिहितां येत नाहीं, तसा त्या पद्धतींत एकदशांश नेमका लिहितां येत नाहीं. सूक्ष्म तुटी सांचत जातात, आणि दोन सारख्या रकमाहि यंत्रास केव्हां केव्हां निरनिराळ्या भासतात. यावर उपाय सोपा आहे : सारा हिशेब पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवावा. बीबीसी बेसिकमध्यें नांवापुढें टक्क्याचें चिन्ह लावलें कीं तें पूर्णांकाचें खातें होतें. त्यास चार बाइट लागतात, अपूर्णांकास पांच. त्या चार बाइटांत २,१४,७४,८३,६४७ पैसे, अर्थात् दोन कोटी चौदा लाखांहून अधिक रुपये मावतात. मध्यमवर्गीय संसारास एवढें पुष्कळ झालें! जागा वांचली आणि हिशेबहि चोख झाला.

ही विद्या बाजारांत विकली जाणार नाहीं, असा आक्षेप येईल. तो खरा आहे; ज्यास नोकरी हवी त्यानें आजच्या भाषा शिकल्याच पाहिजेत. तथापि ही शिस्त वायां जात नाहीं. बीबीसी बेसिक रचणाऱ्या सोफी विल्सन यांनींच पुढें एकॉर्नमध्यें आर्म प्रोसेसरची आज्ञावली आंखली, आणि तिची पहिली पारख बीबीसी बेसिकमध्यें प्रोग्राम लिहूनच केली. पहिला आर्म १९८५ सालीं चालूं लागला. आज बहुतेक सर्व मोबाइल फोन त्याच्याच वंशजांवर चालतात.

जुनें यंत्र विकत घेण्याचेंहि कारण नाहीं. त्याची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम आजच्या संगणकावर फुकट मिळतात. मात्र एक पथ्य पाळावें. मुलगा असो वा मुलगी, यंत्रापुढें बसण्यापूर्वीं कागदावर तीन गोष्टी लिहावयास सांगाव्या : काय सांठवावयाचें, त्यास जागा किती, आणि काय सोडावयाचें. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यास स्वतः शोधतां आलें, त्यास विचार करतां येऊं लागला असें खुशाल समजावें.