गाळलेल्या पायऱ्यांचे गणित

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला लाप्लास रूपांतर, म्हणजे विकलक समीकरणाचे साध्या बैजिक समीकरणात रूपांतर करण्याची रीत, शिकताना विद्यार्थी पुष्कळदा लाप्लासपाशी अडतच नाही. व्यस्त रूपांतरासाठी आंशिक अपूर्णांक पाडावे लागतात आणि बारावीतली ती रीत कच्ची राहिलेली असल्याने तो तेथे अडतो. गुणपत्रिकेत नोंद होते ती मात्र दुसऱ्या वर्षाच्या गणितात केटी लागल्याची. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची रड बहुधा हीच असते.

विद्यार्थ्याच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न आणि पुढचा पाठ बदलत नेणारे अनुकूली अध्यापन ही सुटलेली पायरी हुडकते. त्याचा एक भक्कम आधार म्हणजे द्वान्याँ आणि फाल्मान्य यांनी १९८५ मध्ये मांडलेला ज्ञान-अवकाश सिद्धान्त: कोणता घटक कोणत्या घटकावाचून येऊ शकत नाही हे ठरले की विद्यार्थ्याला काय काय येत असेल याच्या शक्यता आटोक्यात येतात, आणि पंचवीस-तीस प्रश्नांत त्याची नेमकी स्थिती अजमावता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संकुलात घडलेली ‘अ‍ॅलेक्स’ प्रणाली याच तत्त्वावर चालते. ती विकत घ्यावी लागते. परंतु ब्रिटनमध्ये ख्रिस सँगविन यांनी विकसित केलेली ‘स्टॅक’ ही प्रश्नप्रणाली विनामूल्य असून, टाळेबंदीत आपल्या अनेक महाविद्यालयांनी वापरलेल्या ‘मूडल’ या ऑनलाइन अध्यापन-मंचावरच चालते. तिच्यात पर्यायांवर खूण करून सुटका नाही. विद्यार्थ्याने लिहिलेली राशी ती बैजिक दृष्ट्या तपासते, आणि संकलनातला स्थिरांक राहिला असेल तर तेवढेच दाखवून देते. सिद्धता मात्र अशा प्रणालीला नीट पारखता येत नाही; ते काम प्राध्यापकाचेच.

तेव्हा घोडे अडते ते यंत्रापाशी नव्हे, वेळापत्रकापाशी. ट्युटोरियलचा तास लहान गटांसाठी असतो, पण ते गट पडतात हजेरी क्रमांकाने, त्यामुळे ज्याला अपूर्णांक येत नाहीत आणि ज्याला सारे येते ते दोघे एकच प्रश्नसंच उतरवत बसतात. सत्रारंभी, गुण न धरता, निदान चाचणी घेऊन हे गट सुटलेल्या पायरीनुसार पाडण्यास नव्या अभ्यासक्रमाची गरज नाही. विद्यापीठांनी परिपत्रक काढून येत्या सत्रापासून ते करावे. मात्र तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे, निदान वाचून गट पाडण्यात गेलेल्या वेळाचे नव्हे, आणि या वेळाचा मोबदला सरकारने मंजूर केल्याखेरीज असे परिपत्रक फाइलीतच राहील.