वही कोरी, तरी शिकणं झालंच!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलं शाळेतून आठवडी बाजाराला जाऊन आली की घरी प्रश्न ठरलेला: "आज वहीत काय लिहिलं?" वही कोरी दिसली की वाटतं, दिवस वाया गेला. मला हे पटत नाही.

२५० ग्रॅम म्हणजे पाव किलो, हे आपण फळ्यावर दहा वेळा लिहितो. बाजारात तराजूत बघा: पाव किलोत मिरच्या ढीगभर, बटाटे मात्र दोन-तीनच! ढीग मोठा म्हणजे वजन जास्त असं नाही, हे मूल तिथं स्वतः शोधतं. ४० रुपये किलोचे पाव किलो घेताना हातात खरे पैसे असतात, म्हणून भागाकाराची भीती वाटत नाही. वर्गात गप्प बसणारं मूलही भाजीवाल्या मावशींना भाव विचारतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. लहानांना तर याची गरज जास्तच!

मात्र नुसतं फिरवून आणू नका. निघताना दोन प्रश्न द्या, परतल्यावर मुलांना बोलू द्या. आणि पालकहो, संध्याकाळी वही मागण्याऐवजी "बाजारात काय पाहिलंस?" एवढंच विचारा, आणि निवांत ऐका.