चष्मा सांभाळ!

मंडळी, लहानपणी खेळायला निघताना घरून काय सूचना मिळायची? चष्मेवाल्यांनाच विचारतोय, बाकीच्यांनी तोवर चहा घेऊन या. आमच्याकडे एकच वाक्य होतं, "चष्मा सांभाळ, फोडून आणलास तर बघ!" डोळा सांभाळ, असं कधी कोणी म्हटल्याचं आठवत नाही. शाळेत ढापण्या म्हणायचे आणि पीटीचे सर सांगायचे, चष्मा काढून खेळ. खेळापासून चष्मा वाचवायचा, ही आपली परंपरा. चष्म्यानं डोळा वाचवायचा असतो हे आपल्या गावीच नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर माथेरानला गेलो. बोरीवलीहून दादर, तिथून कर्जत लोकलनं नेरळ, मग टॅक्सीनं दस्तुरी नाका. पुढे गाड्या बंद, म्हणून घोडा. पहिली दहा मिनिटं एकदम राजेशाही. मग मोकळा रस्ता दिसल्यावर घोडा दुडक्या चालीवर आला आणि माझा चष्मा नाकावरून निघाला. प्रत्येक टापेला एक मिलिमीटर. एका हातात खोगीर, दुसऱ्या हाताचं बोट चष्म्यावर. लगाम कोणाकडे होता ते विचारू नका. शेजारून पळणारे घोडेवाले मामा म्हणाले, "साहेब, काढून खिशात ठेवा ना. सगळे ठेवतात."

सगळे ठेवतात! माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेसहा. एक भागिले साडेसहा करा, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरच्या पलीकडचं जग मला धुक्यात दिसतं. घोड्याचे कानसुद्धा त्याच्या पलीकडे असतात. मी काही चष्मा काढला नाही. पुढच्या वळणावर एका फांदीनं तो काढला आणि मागच्या घोड्यानं निकाल लावला. लाल मातीत एक दांडी तेवढी सापडली.

इथवर विनोदी आहे. नवा नंबर काढायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा विनोद संपला. माझा डावा डोळा 'आळशी' आहे. लहानपणी उशिरा कळलं. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशाला कामाला लावायचं वय निघून गेलं होतं. आता कुठलीही काच लावा, त्याला स्टेशनची पाटी वाचता येत नाही. डॉक्टरबाईंनी फांदीची गोष्ट ऐकली आणि हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच चांगला डोळा असलेल्या माणसानं पॉलिकार्बोनेटशिवाय खेळायचंच नाही. खरं तर घराबाहेरही पडायचं नाही."

अठ्ठावीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं. एकुलता एक प्रॉडक्शन सर्व्हर, बॅकअप शून्य, आणि मी तो दर शनिवारी बॅडमिंटन कोर्टवर नेतोय! तेही कसा? हातात साडेसहा हजारांची रॅकेट आणि डोळ्यावर ऑफिसचा जुना चष्मा, मागून काळ्या दोरीनं बांधलेला.

मग बोरीवली पश्चिमेला एका चकाचक दुकानात गेलो. (नाव लिहीत नाही, आणखी दोन दुकानांत हेच झालं.) पहिला प्रश्न, "सर, आयटीत का?" दुसरं वाक्य, "मग ब्लू कट घ्याच." तिसरं, "नंबर जास्त आहे, पातळ काच देतो." खेळता का, पोहता का, ट्रेकला जाता का, यातलं एक अक्षर नाही. ब्लू कटवर झालेले प्रयोग कॉक्रेननं २०२३ साली एकत्र तपासले, तर थोड्या काळाच्या वापरात तरी त्यामुळे डोळे कमी शिणतात असं काही दिसलं नाही. ती काच न मागता मिळते. पॉलिकार्बोनेट मागितलं तर उत्तर, "ते लहान मुलांना देतो सर."

आता थोडं इंजिनिअरिंग. चष्म्याची नेहमीची प्लास्टिकची काच, सीआर-३९, जोराच्या फटक्यानं तुटते आणि तुकड्यांना धार असते. 'पातळ' म्हणजे दणकट असंही नाही. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ साली जर्मनीत बायरनं आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं जवळपास एकाच वेळी लावला. अपोलोच्या अंतराळवीरांच्या हेल्मेटचा पारदर्शक घुमट त्याचाच, आणि आपल्या जुन्या सीडीसुद्धा. दोष आहेत. चरे लवकर पडतात म्हणून वर हार्ड कोट लागतो. शिवाय अॅबे नंबर ३० च्या आसपास (सीआर-३९ चा ५८), त्यामुळे मोठ्या नंबरला कडेनं पाहिलं की ट्यूबलाइटला रंगीत किनार दिसते. मला दिसते. चालतं.

पण नुसती काच बदलून भागत नाही. ऑफिसच्या नाजूक फ्रेमला पुढून दणका बसला तर काच आत, थेट डोळ्याकडे सुटू शकते. खेळाच्या चांगल्या फ्रेमची खाच अशी करतात की काच सुटलीच तर बाहेर पडावी. घोड्यासाठी अजून वेगळा विचार लागतो. दांड्या सपाट आणि पातळ हव्यात, नाहीतर हेल्मेट त्या कानशिलात दाबतं आणि डोकं ठणकतं (माझ्या डोक्यावर हेल्मेटही नव्हतं, त्यावर वेगळा निबंध लिहावा लागेल). नाकाशी धातूचे पॅड नकोत, मऊ रबर हवं. मागे ताणला जाणारा पट्टा हवा. काच पुरेशी मोठी हवी, कारण स्वार खाली जमिनीकडे आणि खांद्यावरून मागेही बघत असतो. म्हणूनच चाळिशी लागलेल्या काकांनी प्रोग्रेसिव्ह घालून घोड्यावर बसू नये; खाली पाहिलं की वाचायचा नंबर येतो आणि जमीन धूसर. रंग बदलणाऱ्या काचेचंही तेच दुखणं. उन्हात काळी झालेली काच फिकी व्हायला काही मिनिटं लागतात, घोडा झाडाखाली दोन सेकंदांत शिरतो. गॉगलसारखी कानापर्यंत वळलेली फ्रेम दिसते झकास, पण माझ्यासारख्या नंबरला कडेचं जग वाकडं करते.

"लेन्स लाव की!" असं सांगणारे मित्र सगळ्यांनाच असतात. कॉन्टॅक्ट लेन्सनं दिसतं छान, पण फांदी, शटल आणि पार्टनरची रॅकेट यातलं ती काय अडवणार? पोहताना तर नकोच, पाण्यातल्या अमिबामुळे बुबुळाला वाईट इन्फेक्शन होऊ शकतं. पोहायला नंबरचे तयार गॉगल मिळतात.

२००० च्या आशिया कपमध्ये कुंबळेच्या बॉलिंगवर कीपिंग करताना सबा करीमच्या डोळ्याला बॉल लागला. २०१२ मध्ये मार्क बाउचरच्या डोळ्यावर बेल उडाली आणि त्याचं क्रिकेट तिथेच संपलं. आपल्याला डोळ्यांपुढे तसंही काहीतरी घालावंच लागतं. मग ते निदान ढालीच्या कामाचं का नसावं?

चौथ्या दुकानात एका म्हाताऱ्या काकांनी न कुरकुरता ऑर्डर घेतली. फ्रेम, काच, पट्टा धरून रॅकेटपेक्षा स्वस्त पडलं. पुढच्या शनिवारी भाच्याला नेतोय, तो सोसायटीत कीपिंग करतो. ताई म्हणते, वाढतं वय, सहा महिन्यांत नंबर बदलेल, कशाला एवढा खर्च? बदलेल की. तेव्हा काच बदलू, फ्रेम तीच राहील.