स्वस्त कपड्याची किंमत कोण मोजतो? कराची, सावर आणि आपली भिवंडी

मोठ्या दुकानांतल्या कपड्यांवर आजकाल किमतीच्या चिठ्ठीशेजारी आणखी एक चिठ्ठी लटकलेली दिसते. बहुतेकदा हिरव्या रंगाची. ‘जबाबदारीने बनवलेले’, ‘शाश्वत कापूस’, ‘नैतिक व्यापार’ असे काहीतरी तिच्यावर लिहिलेले असते. वाचून बरे वाटते. पण ही जबाबदारी नेमकी कोणी घेतली? कोणाची घेतली? आणि ती पाळली गेली नाही, तर जाब कोणाला विचारायचा? चिठ्ठीवर याचे उत्तर नसते.

हा विषय आम्ही इथे मांडतो याला कारण आहे. कापड हा आपल्या समाजाच्या रोजीरोटीचा धंदा आहे. भिवंडी आणि मालेगावात मागावर उभा राहणारा मजूर बहुतांशी आपला, अनेक ठिकाणी मागाचा मालक आपला, बाजारातला दुकानदार आपला आणि ईदला घरभर कपडे घेणारे गिऱ्हाईकही आपणच. म्हणजे या साखळीच्या प्रत्येक कडीत आपण आहोत. दोष द्यायला दुसरे कोणी शोधण्याची सोयच नाही.

प्रमाणपत्र भिंतीवर, कुलूप दारावर

११ सप्टेंबर २०१२. कराचीच्या बलदिया टाऊनमधल्या ‘अली एंटरप्रायझेस’ या कपड्याच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून जास्त मजूर मेले. ती आग खंडणीसाठी मुद्दाम लावली गेली, असा निकाल तिथल्या न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण एवढी माणसे गेली ती बाहेर पडता न आल्यामुळे. खिडक्यांना गज होते, बाहेर जाण्याचे मार्ग बंद होते. आणि याच कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधी ‘एसए ८०००’ हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचे नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. कारखान्याचा मुख्य खरेदीदार ‘किक’ हा जर्मन ब्रँड होता. मृतांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे लढा दिल्यानंतर २०१६ मध्ये त्याने ५१ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचे मान्य केले.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळच्या सावर येथे आठ मजली राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या कपड्याच्या कारखान्यांतल्या मजुरांना मात्र सकाळी कामावर बोलावले गेले; आला नाहीत तर पगार कापू, अशी धमकी होती. किमान १,१३४ माणसे मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया होत्या. त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही ब्रँडसाठी तपासणी झालेली होती. पण इमारत उभी राहण्यालायक आहे का, हे बघणे त्या तपासणीच्या कक्षेतच नव्हते.

बँकेच्या कर्मचाऱ्याला घरी पाठवले आणि शिलाई करणारीला आत पाठवले. एकाच इमारतीत, एकाच दिवशी. ‘नाही’ म्हणण्याची ताकद कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, एवढाच फरक.

तपासणी फसते कशी, हे या धंद्यात वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही. तपासनीस येणार ती तारीख अनेकदा आधी कळते. त्या दिवशी फरशी पुसली जाते, कमी वयाच्या पोरांना सुट्टी मिळते, हजेरीचे दुसरेच रजिस्टर बाहेर येते. काय बोलायचे ते मजुरांना पढवलेले असते. तपासणीची फी बऱ्याचदा कारखानाच भरतो. आणि अर्धी ऑर्डर मागच्या गल्लीतल्या, कागदावर नसलेल्या युनिटमध्ये शिवली जात असते, तिकडे कोणी फिरकत नाही.

चीनच्या शिनजियांग प्रांताचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस तिथून येतो. तिथल्या उइगर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे आरोप पुढे आले. चीन सरकार ते नाकारते. २०२० मध्ये अनेक तपासणी कंपन्यांनीच सांगून टाकले की तिथे आम्ही कामगारविषयक तपासणी करणार नाही, कारण मजूर मोकळेपणाने बोलू शकत नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा केला आणि जून २०२२ पासून तिथला माल सक्तीच्या श्रमाचा आहे असे धरूनच अडवायला सुरुवात केली. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर टाकली. यात अमेरिका-चीन व्यापारयुद्धाचे राजकारण आहेच, ते आम्ही नाकारत नाही. पण धडा खरा आहे. मजूर बोलू शकत नसेल, तर कोणतीही चिठ्ठी खरी नाही.

बदल झाला तो कशामुळे?

राणा प्लाझानंतर महिन्याभरात, मे २०१३ मध्ये, बांगलादेशात ‘अकॉर्ड’ नावाचा करार झाला. एका बाजूला ब्रँड, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या आणि साधारण १,६०० कारखान्यांची पाहणी झाली. आधीच्या आश्वासनांपेक्षा तो वेगळा होता, कारण तो कायद्याने बंधनकारक होता. पाहणीचे अहवाल सगळ्यांसाठी खुले होते. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याला ऑर्डर बंद. आणि दुरुस्तीचा खर्च निघेल अशी व्यवस्था करणे ही ब्रँडची जबाबदारी. दोन ब्रँडनी टाळाटाळ केली तेव्हा कामगार संघटनांनी त्यांना हेगच्या लवादात नेले. त्यातल्या एकाने २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. अशा कराराला आता पाकिस्तानातही सुरुवात झाली आहे.

आपल्या देशातही उदाहरण आहे. तामिळनाडूत जानेवारी २०२१ मध्ये एका कपडा कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच सुपरवायझरवर होता. त्यानंतर बायांच्या नेतृत्वाखालच्या स्थानिक संघटनेने पिच्छा सोडला नाही. २०२२ मध्ये दिंडिगुल करार झाला. छळाची तक्रार करायला कारखान्यात प्रशिक्षित बाया, कारखाना ऐकत नसेल तर ब्रँडने धंद्यात त्याला जाब विचारायचा, आणि हे सगळे लेखी, बंधनकारक. म्हणजे भारतात हे जमत नाही असे म्हणायला आता जागा राहिलेली नाही.

खरी चावी भावात आहे

तरीही एक गोष्ट या करारांनी पूर्ण सुटत नाही. भाव. खरेदीदार दरवर्षी म्हणतो, मागच्यापेक्षा कमी दरात द्या आणि लवकर द्या. कारखानदार हो म्हणतो, कारण नाही म्हटले तर ऑर्डर शेजारच्या देशात जाते. मग तो कुठे वाचवणार? कापसाचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचे बिल नाही, बँकेचे व्याज नाही. हातात उरतो तो मजूर.

मार्च २०२० मध्ये हे उघडे पडले. करोना आला आणि ब्रँडनी बांगलादेशातल्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. त्यातला बराच माल शिवून तयार होता. दहा लाखांहून अधिक मजूर घरी बसले. नैतिक व्यापाराची हमी देणाऱ्या कंपन्याही त्यात होत्या. २०२३ च्या शेवटी तिथल्या मजुरांनी महिन्याला २३,००० टका किमान वेतन मागितले, रस्त्यावर उतरले, काही जणांचा जीव गेला. मिळाले १२,५०० टका.

युरोपात आता कायदे होत आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. आपल्या पुरवठादाराकडे काय चालते हे मला माहीत नव्हते, असे मोठ्या कंपनीने म्हणून चालणार नाही, हा त्यांचा गाभा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असाच कायदा मंजूर केला, पण उद्योगांच्या दबावाखाली २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. कायदा झाला तरी ढिला करणारे हात असतातच.

आता आपल्या घराकडे

हे सगळे परदेशी ब्रँडचे झाले. भिवंडी-मालेगावच्या मागावरचे बरेचसे कापड देशातच खपते. तिथे ना तपासनीस येतो, ना ब्रँडची चिठ्ठी लागते. पण साखळी तीच आहे. सूत अनेकदा व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचा. व्यापारी सूत देतो, कोरे कापड घेतो आणि मीटरमागे मजुरी देतो. त्या मजुरीतून वीज, जागेचे भाडे, मागाची दुरुस्ती आणि मजुराचा पगार. कापड पुढे रंगाई-छपाईला दुसऱ्या शहरात जाते, मग बाजारात, मग शिलाईला. दुकानात शर्ट लागेपर्यंत तो कोणी विणला हे विचारणारा कोणी उरत नाही.

मजुराचे काम बारा-बारा तासांच्या पाळीचे. पगार मीटरवर. वीज गेली, सूत आले नाही, माग बिघडला, की कमाई बंद. बहुतेकांकडे नेमणुकीचा कागद नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. कानावर मागांचा खडखडाट, छातीत रुईचा धूर. मे २०२० मध्ये भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी निघाली तेव्हा ही माणसे देशाला दिसली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि किमान ३८ जीव गेले. तो कारखाना नव्हता, राहती इमारत होती. पण तिच्यात राहणाऱ्यांत यंत्रमाग मजुरांची कुटुंबे होती. सावरची बातमी वाचून हळहळणाऱ्या आपल्याला आपल्या दारातली ही बातमी किती दिवस आठवली?

कायद्याचे म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला कायदा लागू व्हायला १० कामगारांची मर्यादा होती. तेवढ्यासाठी एकाच छपराखालचे माग दोन-तीन नावांवर दाखवले जायचे, हे उघड गुपित आहे. नव्या श्रमसंहितेत ही मर्यादा २० झाली. म्हणजे लहान कारखान्यातला मजूर कायद्यापासून आणखी दूर गेला. सेबीने देशातल्या पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यायला लावले आहे, पण गल्लीतल्या मागापर्यंत तो पोहोचत नाही.

इथे कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो मजुरासमोर सेठ असतो, व्यापाऱ्यासमोर तोच हात जोडून उभा असतो. माल जातो, पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. पण यावर एक हत्यार त्याच्याकडे आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चढे व्याज लागते. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत न चुकवलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. नोंदणी फुकट आहे. ती केली नसेल, तर आधी ती करा.

मग आपण काय करायचे?

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मापात कमी देणाऱ्यांवरून कुरआनातल्या एका सूरहचे नावच आहे. जिथे मजुरी मीटरवर मोजली जाते, त्या धंद्यात याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. हलाल आपण ताटात बघतो. अंगावरच्या कपड्यातही बघायला हवे.

कारखानदारांनी निदान तीन गोष्टी आजपासून कराव्यात. खरी हजेरी ठेवावी, दर आठवड्याला मीटर आणि मजुरी लिहिलेली चिठ्ठी मजुराच्या हातात द्यावी, आणि कारखान्याला बाहेर पडायचे दुसरे दार असावे व ते उघडे असावे. यासाठी युरोपच्या ब्रँडची वाट बघावी लागत नाही. दुकानदारांनी व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर द्यावेत, कारण तिथला उशीर शेवटी मजुराच्या चुलीपर्यंत जातो.

गिऱ्हाईकांनी बहिष्काराच्या मागे लागू नये. ऑर्डर बंद झाली की पहिली चूल मजुराचीच विझते. दुकानात विचारा, हा माल कुठला, कोणी शिवला. एकाने विचारले तर दुकानदार हसेल. पन्नास जणांनी विचारले तर तो व्यापाऱ्याला विचारेल.

पण एकट्या गिऱ्हाईकाकडे भाव ठरवायची ताकद नसते. ती ताकद घाऊक खरेदीदाराकडे असते, आणि असे खरेदीदार आपल्यातही आहेत. आपल्या उर्दू शाळा, कॉलेजे, मदरसे, दवाखाने, वसतिगृहे दरवर्षी शेकडो-हजारो गणवेश, चादरी, पडदे घेतात. बहुतेक ठिकाणी तीन कोटेशन मागवतात आणि सर्वात स्वस्त ते घेतात. तिथे संस्थेच्या कमिटीने दोन ओळी वाढवाव्यात. पहिली, कापड आणि शिलाई कुठल्या कारखान्यातली ते लिहून द्या आणि आमचा माणूस कधीही न सांगता येऊन मजुरांशी बोलेल. दुसरी, आम्ही तुमचे पैसे ३० दिवसांत देऊ. पहिल्या ओळीने हक्क मागता येतो, दुसरीने तो मागण्याचा अधिकार मिळतो.

जूनमध्ये शाळा उघडतात, गणवेशाच्या ऑर्डरी त्याच्या आधी निघतात. तुम्ही एखाद्या संस्थेच्या कमिटीवर असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा. पालक असाल, तर मुख्याध्यापकांना विचारा की यंदाचा गणवेश कुठे शिवला जातो. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या पालकसभेत पुन्हा विचारा.